सांगता येत नाही

“विधान अठरावं,” सविताने वाचलं आणि पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. “ऑनलाइन वर्गात शंका विचारताना मला संकोच वाटत नाही.”

फोनमधून पंख्याची घरघर येत होती. थोड्या वेळाने मुलीचा आवाज आला.

“सांगता येत नाही.”

सविताने तीनच्या आकड्याभोवती गोल केला. वर सतरा गोल आधीच एकाखाली एक उभे होते, सगळे तीनवर. एक म्हणजे पूर्ण असहमत, पाच म्हणजे पूर्ण सहमत आणि मधला तीन म्हणजे सांगता येत नाही. घरी बसून फोनवर शिकण्याबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी तिला दीडशे जणांची मतं हवी होती. ही एकशे त्रेचाळिसावी. कोकिळा, वय वीस, बी.एस्सी. तिसरं वर्ष, माहेर सावदा, सासर पारोळ्याच्या पुढे हायवेपासून आत असलेल्या एका गावात. लग्न डिसेंबरातलं.

“विधान एकोणिसावं. घरी अभ्यासाला मला पुरेसा वेळ आणि शांतता मिळते.”

“सांगता येत नाही.”

“कोकिळा, जरा विचार करून सांग हं. घाई नाही.”

“ती विचार करीसनच सांगी ऱ्हायनी मॅडम,” मध्येच एका पुरुषाचा आवाज आला. “तुम्ही लिखा.”

फोन सुरुवातीला त्यानेच उचलला होता. मी हितेंद्र, तिचा दीर, असं त्याने सांगितलं होतं. स्पीकरवर शे, आम्ही बी ऐकतस, हेही सांगून टाकलं होतं. सविताला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. पुष्कळ घरांत असंच असे. कुणाची आई मागून उत्तरं सुचवी, कुणाचा भाऊ हसे.

तिसावं विधान संपलं. आणखी काही सांगायचं आहे का, असा शेवटचा प्रश्न तिने सवयीने विचारला.

“मॅडम,” मुलगी म्हणाली, “हे फोनवरच भरायचं असतं का?”

“हां, फोनवरच ऱ्हास,” उत्तर दिराने दिलं आणि फोन बंद झाला.

सविताने पेन्सिल ठेवली. जळगावात, मेहरूणमधल्या तिच्या भाड्याच्या खोलीत कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता. एप्रिलच्या दुपारी तलावाकडचा रस्ता ओस पडलेला. दोन आठवडे ती अशीच फोन लावत होती. चोपड्याच्या एका मुलीने सांगितलं होतं, रोजचे चार तास एसटीत जायचे ते वाचले, मला सगळ्याला पाच लिहा. पाइपच्या कारखान्यात कामाला जाणारा एक जण म्हणाला होता, मशीनपाशी उभा राहून कानात लेक्चर ऐकतो, समजत काहीच नाही, पण हजेरी लागते. एक मुलगी नुसतीच रडली होती. कॉलेजात मैत्रिणी होत्या, म्हणाली, आता पडद्यावर नुसती नावं आहेत.

सविता स्वतः पाच लिहिणाऱ्यांतली होती. करोनाच्या काळात तिचं एम.ए. धुळ्याच्या घरी, पडद्यामागच्या खाटेवर बसून झालं होतं. त्याआधी वर्गात ती कायम शेवटच्या बाकावर बसे. हजेरीत आडनाव पुकारलं गेलं की माना वळत, त्या वळलेल्या माना तिला दिवसभर दिसत राहत. फोनवर कुणी वळून पाहत नव्हतं. ती पहिल्यांदा प्रश्न विचारायला लागली ती तेव्हाच. अनोळखी घराच्या दारात उभं राहायचं म्हटलं की अजूनही तिच्या तोंडाला कोरड पडे. घरोघरी जायचं सोडून फोनवर माहिती गोळा करायची परवानगी तिने मागून घेतली होती, ती त्यामुळेच.

संध्याकाळी तिने भरलेले फॉर्म मार्गदर्शक अभिमन सरांना दाखवले. सरांनी एकशे त्रेचाळिसावा वर-खाली पाहिला आणि बाजूला टाकला.

“सगळीकडे तीन. वाचलंच नाही तिनं. असले फॉर्म काढून टाकायचे, नाहीतर निष्कर्ष बिघडतात.”

“हो सर.”

“दुसरी मुलगी घ्या तिच्याऐवजी. यादी मोठी आहे.”

खोलीवर आल्यावर तिने फॉर्म फाडायला हातात घेतला. मग, फाडायच्या आधी एकदा खात्री करावी म्हणून, रेकॉर्डिंग लावलं. सगळ्या मुलांना आधी विचारूनच ती रेकॉर्ड करत असे.

बाकीची मुलं पहिल्या पाच-सहा विधानांनंतर कंटाळून नुसते आकडे सांगत. चार. दोन. पाच. या मुलीने एकदाही आकडा उच्चारला नव्हता. तीस वेळा तिने तेच तीन शब्द पूर्ण म्हटले होते, सावकाश, आणि दर वेळी ‘येत’ या शब्दावर थोडी थांबून. सविताने ते एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्या वेळी तिने फोन कानाला लावला, तेव्हा पंख्याच्या आवाजामागे बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी अगदी जवळून श्वास सोडला.

तिने फोन खाटेवर उलटा ठेवला. मग उठून दाराची कडी लागली आहे ना, ते पाहून आली. कडी लागलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा तो नंबर लावला. समोर कागद होता आणि त्यावर रात्री लिहिलेली दोन नवी विधानं होती.

“काल तर झालं ना मॅडम?” हितेंद्र म्हणाला.

“शेवटचं पान राहून गेलं दादा. माझीच चूक. दोन मिनिटांचं काम आहे.”

फोन कुणाच्यातरी हातात गेल्याचा आवाज आला. पंखा तसाच घरघरत होता.

“विधान एकतिसावं,” सविता म्हणाली. आपला आवाज कालच्यासारखा कंटाळलेला यावा म्हणून तिने मुद्दाम खोकून घेतलं. “मला माझं मत मोकळेपणाने मांडता येतं.”

“एक.”

वाक्य संपायच्या आत उत्तर आलं होतं.

“बत्तिसावं. सगळी कामं फोनवर होतात, प्रत्यक्ष भेटीची गरज नसते.”

“एक.”

सविताच्या कागदावर पुढे काही नव्हतं. तरी ती म्हणाली, “तेहतिसावं. मी घरी सुरक्षित वातावरणात अभ्यास करते.”

या वेळी उत्तराला वेळ लागला. कुणीतरी घसा खाकरला.

“एक,” मुलगी म्हणाली. मग घाईने, “नाही, पाच. पाच लिहा मॅडम.”

“लिहिते,” सविता म्हणाली. तळहाताचा घाम तिने ओढणीला पुसला. “दादा, आणखी एक. दर दहा विद्यार्थ्यांत एकाकडे घरी जाऊन फॉर्मवर सही घ्यावी लागते. कोकिळाचं नाव निघालंय. उद्या सकाळी येते मी.”

“घरी कशाले?”

“नियम आहे. सही नसली तर कॉलेजला कळवावं लागतं, मग त्यांचाच माणूस येतो चौकशीला.”

असा कुठलाच नियम नव्हता. इतकं सरळ खोटं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. पलीकडे हितेंद्र कुणाशी तरी हळू बोलला, मग म्हणाला, “या. पण लवकर या. आम्हाले कामं ऱ्हातस.”

शुक्रवारी सकाळी ती धुळ्याच्या गाडीत बसली. वडिलांचा, बन्सीलालचा, फोन आला तेव्हा गाडी एरंडोलच्या पुढे होती. “लायब्ररीत आहे पप्पा,” तिने सांगितलं, आणि हॉर्न ऐकू जाऊ नये म्हणून फोन छातीशी दाबला. पारोळ्याच्या पुढे फाट्यावर ती उतरली. तिथून एका रिक्षाने गावात सोडलं. साडेनऊलाच उन्हाने डोळे दिपत होते.

घर नवं होतं, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचं. पायरीवर सासरा, झुलालनाना, पांढरी टोपी घालून बसला होता. तो उठून उभा राहिला, तिला आत घेऊन गेला, पंखा मोठा केला. सविताने मनात जे घर रंगवलं होतं त्यात असा उठून उभा राहणारा माणूस नव्हता. ती थोडी ओशाळली.

“आडनाव काय तुमनं?” त्याने विचारलं.

तिने सांगितलं.

“बरं, बरं,” नाना म्हणाला आणि बाहेर पाहू लागला.

सासू, मंजुळाबाई, चहा घेऊन आली. नानाचा चहा कपबशीत होता, सविताचा कागदी कपात. “च्या ल्या मॅडम,” ती गोड आवाजात म्हणाली. “इतल्या उन्हामा उनात. आमनी सून हुशार शे, बरं का. ऑनलाइन शिकी ऱ्हायनी. आम्ही तिले कसाले नही म्हनत नही.”

मग कोकिळा आली. डोक्यावरून पदर घेतलेला, तो डाव्या हातावर मनगटापर्यंत लपेटलेला. ती सविताच्या समोर खाली बसली आणि सासू तिच्या मागच्या खुर्चीत. मुलीने एकदाच वर पाहिलं. ओळख पटावी एवढंच.

सविताने फॉर्म पुढे सरकवला. “हा आता तुझ्या हातानं भर. शेवटी सूचनांची जागा आहे, तिथे काय वाटतं ते लिही.”

पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता. कोकिळाने तो डाव्या हाताने धरला नाही. गुडघा टेकवून दाबला आणि उजव्या हाताने खुणा करत गेली. खुणा भराभर झाल्या. सूचनांच्या जागी ती थांबली, मग बारीक अक्षरात लिहायला लागली. चार-पाच ओळी लिहिल्या. पर्यायी संपर्क क्रमांकाच्या चौकटीत एक नंबर लिहिला. सही केली.

कागद सविताच्या हाती यायच्या आधी नानाने हात पुढे केला. त्याने चष्मा लावला, खुणांवरून बोट फिरवलं आणि तो शेवटच्या ओळींवर थांबला.

“हाई इंग्रजीमा काय लिखं?”

“कॉलेजचं इंग्रजीत असतं नाना,” कोकिळा म्हणाली.

“मॅडम, वाचा बरं.”

सविताने कागद घेतला. लिहिलं होतं ते असं: मला रविवारी सुरतला नेणार आहेत, मिस्टरांकडे. तिथला पत्ता मलाही माहीत नाही. सावद्याला शाळेसमोर पिठाची गिरणी आहे, तिथे माझ्या आईला भेटा, पुष्पाबाई. फोन करू नका. ती घाबरून लगेच इकडे फोन लावेल. जाऊन सांगा.

अक्षरं पोहत होती. सविताने बोट पहिल्या ओळीखाली धरलं, खरंच वाचत असल्यासारखं.

“लिहिलंय की,” ती म्हणाली, “ऑनलाइन शिक्षण चांगलं आहे. घरची कामं सांभाळून शिकता येतं. फक्त प्रॅक्टिकलची परीक्षा जळगावला येऊन द्यावी लागते, तेवढी सोय व्हावी.”

“तठे जावं लागस?” नाना म्हणाला.

“हो. एकच दिवस.”

मंजुळाबाई सुनेच्या पाठीकडे बघत होती. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि तिशीचा एक माणूस आत आला. हा हितेंद्र असावा. त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि सविताच्या हातातला कागद सहज काढून घेतला.

“इंग्रजी माले येस मॅडम. ठिबकना दुकानमा बठ्ठा कागद इंग्रजीच ऱ्हातस.”

तो उभ्याने वाचू लागला. सविताची चप्पल दाराबाहेर होती. दार किती पावलांवर आहे, हे तिने न बघता मोजलं. कोकिळा जमिनीकडे पाहत होती. तिचा खांदा अगदी थोडा वर आला होता, अंगावर काही पडणार असल्यासारखा.

हितेंद्रने कागदाची घडी घातली.

“बरोबर वाचं मॅडमनी,” तो म्हणाला आणि कागद सविताला परत दिला. “चला, फाट्यावर सोडस तुमले. आते रिक्षा नही भेटाव.”

नाही म्हणायचं तिला सुचलं नाही. ती मागे बसली, पर्स मध्ये ठेवून. कापसाची मोकळी शेतं दोन्ही बाजूंनी तापत होती. अर्ध्या रस्त्यावर त्याने गाडी हळू केली आणि तिने मधली पर्स हातात घेतली. पण तो थांबला नव्हता, फक्त बोलणं ऐकू जावं म्हणून त्याने वेग कमी केला होता.

“घरमा मी काही बोलू शकत नही, मॅडम. भाऊना सभाव वाईट शे. वहिनीनं खोटं काहीच लिखं नही.”

सविताला एकदम रडू आल्यासारखं झालं. दोन दिवस ज्या आवाजाची तिला भीती वाटत होती, तो आवाज किती साधा होता.

फाट्यावर त्याने गाडी लावली. “पन तुम्ही सावद्याले जाऊ नका. गिरणी बंद पडी दोन महिना झायात. तिनी माय आते भुसावळले, भाऊबंदकडे ऱ्हास. वहिनीले सांगं नही कोनी. लिखा, हाऊ तिना नवा नंबर.”

त्याने दहा आकडे पाठ सांगितले. सविताने ते फॉर्मच्या मागे लिहिले.

“फोन करा, बठ्ठं सांगा. दुपारपर्यंत करा,” तो म्हणाला, आणि धुळ्याकडून येणाऱ्या गाडीला त्यानेच हात दाखवला.

खिडकीशी जागा मिळाली. सविताने फोन काढला, नवा नंबर टाकला आणि हिरव्या बटणावर अंगठा धरून बसली. फोन केला की झालं असतं. सावद्याला ती कधी गेली नव्हती. कुणाच्या तरी आईसमोर उभं राहून हे सांगायचं, त्या बाईचं तोंड बघायचं, त्यापेक्षा फोनवर सांगणं किती सोपं. समोरचं माणूस रडलं तरी दिसत नाही.

पण कोकिळाने गुडघ्याने कागद दाबून लिहिलं होतं, फोन करू नका. तिला नवा नंबर माहीत नसेल, ठीक. तरी फोन करू नका, हे तिने लिहिलंच होतं. एरंडोल गेलं. पाळधी गेलं. जळगावच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा रावेरची गाडी उभी होती आणि कंडक्टर सावदा, सावदा म्हणून ओरडत होता. गिरणी बंद असली तर तशीच परत यायचं, असं स्वतःला सांगून ती चढली.

तीन वाजता ती सावद्याच्या शाळेसमोर पोचली. गिरणीचा आवाज तिला रस्त्याच्या अलीकडूनच ऐकू आला.

आत एक बाई दळण टाकत होती. भुवयांवर, केसांवर पीठ. सविताने नाव विचारलं तर ऐकू गेलं नाही. बाईने पुढे होऊन मोटर बंद केली. अचानक इतकी शांतता झाली की सविताचे पुढचे शब्द मोठ्याने गेले.

“मी कोकिळाकडून आले.”

पुष्पाबाईने ओट्याला धरलं. “काय झालं तिले?”

सविताने फॉर्म उघडला आणि त्या ओळी मराठीत वाचून दाखवल्या. या वेळी होत्या तशा. बाईने त्या ऐकल्या, पुन्हा वाचायला लावल्या. ती रडली नाही. पदराने हात पुसत राहिली, पीठ निघालं तरी.

“आणि हितेंद्र म्हणाला की गिरणी बंद पडली,” सविता म्हणाली. “तुम्ही भुसावळला राहता. तुमचा हा नवा नंबर आहे म्हणून.”

“माहा नंबर हा हाये.” पुष्पाबाईने चौकटीतल्या, कोकिळाने लिहिलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. “नऊ वर्सं झाले, हाच. मागचा तो कोनाचा?”

सविताने फोन काढला, मागचा तो नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. दोनच रिंगमध्ये उचलला गेला.

“हां, कोन?”

“कोकिळाच्या आई बोलतायत का?”

“हां, मी कोकिळानी मायच बोलस,” पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. “सांगा मॅडम. तुमना फोननी वाटच पाही ऱ्हायनू.”

तो आवाज सविताने सकाळी ऐकला होता. कागदी कप पुढे करणारा. तिच्या समोर पुष्पाबाई अगदी स्थिर उभी होती, डोळे फोनवर.

“काही नाही,” सविता म्हणाली. “कोकिळा बरी आहे, एवढंच सांगायचं होतं.”

“माले माहीत शे ना. रोज बोलस ती मनासंगे. पोरी लगीननंतर अश्याच करतस, नवं नवं शे. तो कागद फाडी टाका तुम्ही.”

“बरं,” सविता म्हणाली आणि फोन बंद केला.

पुष्पाबाई बाहेर गेली. रस्त्यापलीकडे झाडाखाली एक पिकअप उभा होता, त्यात तिचा भाऊ छगन पाय वर करून झोपला होता. तिने पत्र्यावर थाप मारली.

“गाडी काढ.”

“चारला केळी भरायची हाये ताई.”

“राहू दे केळी.”

तिने गिरणीला कुलूपही लावलं नाही. सविता मध्ये बसली नाही, दाराशी बसली. तिला जळगावच्या अलीकडे उतरायचं होतं आणि ते दोघं बायपासने पुढे कोकिळाच्या सासरी जाणार, असं ठरलं होतं. रस्ताभर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. फैजपूर मागे पडलं, तापीचा पूल आला, गेला. फॉर्म हितेंद्रने वाचलेला आहे, हे सविताच्या डोक्यातून जात नव्हतं. तिला सोडून तो परत घरी गेला असेल. पाच तास झाले होते.

जळगावच्या अलीकडे, बायपासच्या फाट्यावर, छगनने गाडी कडेला घेतली. सविताने दार उघडलं, एक पाय खाली टाकला, आणि पुष्पाबाईच्या मांडीवरचा फोन वाजला. पडद्यावर कोकिळाचं नाव होतं.

छगनने इंजिन बंद केलं. मागून येणाऱ्या ट्रकला त्याने खिडकीतून हाताने पुढे जायला सांगितलं. ट्रक लांब जाईपर्यंत पुष्पाबाई थांबली, मग तिने फोन उचलला.

“बोल बेटा.”

“आई, काय करतेस?” पंख्याची घरघर इथपर्यंत येत होती.

“काय करू, गिरणीवर हाये. लाइट गेली आत्ताच.”

“आई, आज... कोणी आलं होतं का तुझ्याकडे?”

पुष्पाबाईने सविताकडे पाहिलं. तिच्या पापण्यांवर अजून पीठ होतं.

“माह्याकडे कोन येईल? दळनवाले येता, दुसरं कोन. काऊन?”

“काही नाही. सहजच.” मधे काहीतरी हललं, बांगड्या वाजल्या. “मी बरी आहे आई.”

“हां. मग झालं.”

“ठेवते.”

“ठेव,” पुष्पाबाई म्हणाली, आणि फोन बंद झाल्यावरही तो कानाशीच धरून राहिली. आवाज जराही हलला नव्हता तिचा.

“जेवली का, इचारायचं राह्यलं,” ती म्हणाली.

छगनने चावी फिरवली. मागून आलेली जळगाव स्टँडची एसटी कुणी हात दाखवल्यासारखी हळू झाली होती. सविताने खाली टाकलेला पाय आत घेतला आणि दार ओढून लावलं.